ताठ कणा

राज्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट.

एका राजाची मान आखडू लागली. मग पाठ, मग गुडघे. म्हाताऱ्या वैद्याने सांधे चाचपले आणि स्पष्ट सांगितलं, "महाराज, सांध्यांत चुना साठतोय. चुना हाडात हवाच, त्याच्यावर देह उभा राहतो. शंखात तोच, अंड्याच्या कवचात तोच. पण वाकायच्या जागी साठला की माणसाचा खांब होतो. रोज शेका, रोज वाका."

प्रधान उसळला. "महाराजांनी वाकायचं? वैद्यबुवा, याला आजार नाही, ताठ कणा म्हणतात!"

दरबाराने टाळ्या पिटल्या. वैद्याला हाकलून दिलं. एकही शहाणा बोलला नाही. सगळ्यांना उद्याही दरबारात बसायचं होतं. तेव्हापासून राजा कण्हला, की भाट त्याच्या बाण्याची गाणी गात.

एका पावसाळ्यात राजा उभ्यानेच रथातून धरण पाहायला आला. धरणाखाली भिवराची वाडी होती, वाडीखाली राजवाडा. भिवरा धरणाची राखणदार.

"महाराज, भिंतीला तळाशी फट पडलीय," ती म्हणाली. "जरा वाकून बघा आणि मोरी उघडायचा हुकूम द्या. पाणी उतरलं तर भिंत वाचेल."

"महाराजांना वाकायला सांगतेस? जीभ आवर!" प्रधान गरजला.

"मग तुम्ही वाका, प्रधानजी."

"महाराज ताठ असताना मी वाकू?"

राजाने समोर पाहिलं. त्याला तेवढंच दिसत होतं. "भिंत माझ्यासारखीच ताठ आहे. मोरी बंद ठेवा."

भिवराने कपाळावर हात मारला. मोरीला राजाचं कुलूप होतं, पण माणसांना नव्हतं. तिने घरोघर जाऊन सगळी वाडी टेकडीवर नेली.

तिसऱ्या दिवशी भिंत फुटली. वाडीची घरं गेली, माणसं वाचली. पाणी पुढच्या दरवाजाने राजवाड्यात घुसलं. मागचा मोठा दरवाजा गाळाने अडकला होता. उघडी होती ती फक्त त्यातली दिंडी, कमरेएवढं छोटं दार.

सगळ्यात आधी प्रधान वाकला, पार दुमडून वाकला. त्याच्या मागून टाळ्या पिटणारा अख्खा दरबार, एकेक करून, नाक गुडघ्याला लावून निसटला.

"प्रधानजी, मला न्या!" राजा ओरडला.

"वाका की, महाराज!" बाहेरून उत्तर आलं.

राजाला वाकता आलं नाही. पाणी गळ्याशी आलं, तेव्हाही त्याची मान ताठच होती.

तात्पर्य: दुखण्याला जो बाणा म्हणतो, तो दुखण्यापेक्षा मोठा वैरी असतो.