चिमाकाकूंच्या टाचा

एका राज्यात, भर सकाळी विहिरीवर, एक बातमी अर्धीच राहिली.

"सगुणाच्या कोकमतेलानं म्हणे पाय सोन्याचे..." एवढं बोलून परटीण थांबली. तिची जीभ टाळ्याला चिकटली, ती मावळतीलाच सुटली.

चिमाकाकूंनी घागर तिथेच ठेवली. अर्धी बातमी घेऊन घरी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय सगुणा त्यांची सख्खी शेजारीण. हिवाळ्यात काकूंच्या टाचा फाटून रक्ताळल्या, तेव्हा तिनेच रोज येऊन तेल चोळलं. म्हणून तर आज त्या विहिरीपर्यंत चालत होत्या.

सगुणा अंगणातली चूल मोडत होती.

"पौर्णिमेला गाव सोडते, काकू. धूम्रकेश मांत्रिकाला तेलाची कृती दिली नाही, म्हणून त्यानं शाप घातला. तेलाचा गुण जो सांगेल त्याची जीभ चिकटेल. कुणी सांगेना, म्हणून कुणी येईना."

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "उतारा आहे. कुणी काही न सांगता तीन बायकांनी तेल मागावं, शाप सुटेल."

"एवढंच ना? मी जाते."

"तुम्ही?" साळुंकीनं मान वाकडी केली. "काकू, यात गप्प बसायचंय."

काकूंना आपली जीभ ठाऊक होती. बोलणं कुठूनही निघालं तरी ती सगुणाच्या तेलावरच पोचायची. म्हणून त्यांनी तोंडात सुपारी धरली आणि निघाल्या.

त्या राज्यात पाहुणीचे पाय दारातच धुवायची रीत. पहिल्या दिवशी कुंभारीण तांब्या घेऊन आली.

"आज बोलत नाही? दातखीळ बसली की काय?"

काकूंनी नुसता पाय पुढे केला. टाच लोण्यासारखी मऊ. कुंभारणीनं ती पाहिली, मग आपली चिखलानं चिरलेली. "हे जे लावता, ते मलाही द्या."

दुसऱ्या दिवशी वैद्यीणबाई. "आमच्या घरात छत्तीस मुळ्या आहेत आणि अशी एक टाच नाही. मागायला लाज वाटते. पण द्या."

तिसऱ्या दिवशी खुद्द राणी. पाय धुता धुता तिनं हळूच विचारलं, "माझ्या सुनेबद्दल गावात काय बोलतात हो?"

काकूंना सगळं ठाऊक होतं. डोळ्यांत पाणी आलं, सुपारी दाताखाली कडकडली, पण ओठ हलले नाहीत. राणीची नजर हातातल्या मऊ टाचेवर गेली.

"बरं, ते राहू द्या. हे टाचांना काय लावता? मला हवं."

तत्क्षणी शाप सुटला आणि घालणाऱ्यावरच उलटला. डोंगरावर धूम्रकेशाच्या टाचांना सात भेगा पडल्या. आठवड्यानं तोही लंगडत आला, आणि सगुणानं त्यालाही तेल दिलं. चूल पुन्हा मांडली होती. दारात रांग होती.

त्या संध्याकाळी काकूंनी सगुणाला पाटावर बसवलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन तेल चोळायला लागल्या. सगळ्या गावाचे पाय राखणारीचे स्वतःचे भेगाळलेलेच राहिले होते.

"काकू, हे काय? तुम्ही मोठ्या."

"गप. तू केलंस तेव्हा मी काही म्हटलं?"

कुंपणावरून परटीण डोकावली. तिला आता अडवणारं कोणी नव्हतं. "सगुणाच्या तेलानं म्हणे पाय सोन्याचे होतात!"

काकूंनी आपली पिवळी बोटं उजेडात धरली.

"सोनं नाही गं, तेलातली हळद आहे. दोन धुण्यांत जाते. भेगा बुजतात, तेवढं मात्र खरं."