खाऱ्या पाण्यावरचा दिवा

"तर मग या तिन्हींपैकी कोणता, दाजी?"

दाजी पराडकरांनी बाकावर मांडलेल्या तीन दिव्यांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"दिवो कोणाक व्हयो?"

"टँकला. खाऱ्या पाण्याच्या. मघाशी सांगितलं ना."

"टाकीक डोळे नसतत, डॉक्टर."

डॉक्टर श्रीरंग मणेरीकर हसले नाहीत. कणकवलीत त्यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं, आणि उजेड या विषयावर कोणाकडून दोन शब्द ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. तरी ते आचऱ्याच्या खाडीकाठच्या या कौलारू शेडपर्यंत आले होते. दाजी चाळीस वर्षं समुद्रातले मासे टाक्यांत पाळत होते आणि त्यांचे मासे जगत होते. डॉक्टरांचे मरत होते.

टँक आईसाठी होता. हे त्यांनी दाजींना सांगितलं नव्हतं.

आईला काचबिंदू झाला. तो कडेकडेने नजर खात गेला, आणि मुलाला कळलं तेव्हा फार थोडी उरली होती. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण 'दिव्याखाली अंधार' ही म्हण त्या वर्षी गावात जरा जास्तच वापरली गेली. पुढे एकदा आई सहज म्हणाली, समुद्रातले ते रंगीत मासे बघायचे राहूनच गेले. दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये चार फुटी टँक आला. आता प्रश्न दिव्याचा होता.

डॉक्टरांनी आणलेल्यांपैकी पहिला दिवा हातभर लांब, पट्टीसारखा. दुसरा त्याच्या दुप्पट, निळ्या-पांढऱ्या उजेडाचा. तिसरा काळा, जड, वर दोन पंखे बसवलेला.

"घरी सध्या हा मधला लावतो," डॉक्टर म्हणाले. "मला वाटतं, कमी पडतोय. मोठा लावावा."

"मासे किती?"

"चार जोकर मासे आणले होते. तीन गेले. चौथा पंपामागे लपून बसलाय, चार दिवस खात नाही. प्रवाळाचा एक तुकडा होता, तोही पांढराफटक पडला."

"तुमी पाणी तपासलास?"

"तीनदा. पाण्यात काही दोष नाही."

"दिवो किती वेळ असता?"

"सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत."

दाजींनी बोटांवर तास मोजले. खाडीवरून एक होडी गेली, तिचं इंजिन ऐकू येईनासं झालं.

"मोठो लावा बघू. माझ्याच टाकीवर."

डॉक्टरांनी उत्साहाने काळा दिवा दाजींच्या टाकीवर ठेवला आणि बटण दाबलं.

शेडमध्ये ऑपरेशन थिएटरसारखा लख्ख उजेड पडला. टाकीतले पिवळे, केशरी, निळे रंग एकदम उमटले. डॉक्टरांनी विजयी मुद्रेने दाजींकडे वळून पाहिलं.

ते परत टाकीकडे वळले तेव्हा निळा मासा दगडाआड चालला होता. त्याच्यामागून पिवळे दोन गेले. मग केशरी. अर्ध्या मिनिटात टाकीत एकही मासा दिसेना. दगड मात्र फार स्वच्छ दिसत होते.

दाजींनी दिवा बंद केला. मग उठून शेडचं दारही लावून घेतलं.

अंधार झाला.

"दिसता काय?"

"काहीच नाही."

"थांबा वायच."

…

"किती वेळ लागतलो, डॉक्टर?"

हा प्रश्न डॉक्टरांच्या हक्काचा होता. त्यांचा आवाज आपोआप दवाखान्यातला झाला. "अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं. पूर्ण व्हायला अर्धा तास. बाहुली लगेच मोठी होते, पण मागच्या पडद्याला वेळ द्यावा लागतो. घाई करून चालत नाही."

"तुमी बरा सांगतास."

…

"आणि उजेड सोसनासो झालो, तर माणूस काय करता?"

"डोळे मिटतो."

"माशाक पापणी असता?"

डॉक्टर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. वीस वर्षं लोकांच्या पापण्या उचलून आत पाहण्यात गेली होती.

"…नाही."

"मगे तो काय मिटतलो?"

डॉक्टर खाली बाकावर बसले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती अंधारात वाटली हे त्यातल्या त्यात बरं झालं.

छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून पडणाऱ्या चिमूटभर उजेडात हळूहळू टाकीची कड दिसू लागली. मग दगड. बऱ्याच वेळाने दगडामागून काहीतरी हललं, आणि निळा मासा बाहेर आला. त्याच्यामागून पिवळे दोघं.

"म्हणजे लहान दिवा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"नव्या माणसान लहानच घेवचो. दिवसाक आठ तास, पुरे झाले. नवो मासो इलो तर त्या दिवशी तोसुद्धा नको. प्रवाळाक उजेड मागसून वाढवचो, म्हयनोभर, थोडो थोडो."

एवढं डॉक्टरांना कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं. खरं तर सापडलंही होतं. उत्तर मिळालं होतं, दिवा ठरला होता, दार दोन पावलांवर होतं. पण ते उठले नाहीत.

"लहान दिव्यात तिला दिसणार नाही, दाजी."

"कोणाक?"

"आईला."

दाजी त्यांच्या बाजूला बाकावर बसले.

डॉक्टरांनी मग सगळं सांगितलं. काचबिंदू, उशीर, टँक. "ती उठते तेव्हा दिवा लावतो, ती झोपते तेव्हा बंद करतो. रोज रात्री हॉस्पिटलातून आलो की तिला विचारतो, आई, दिसतो का गं मासा? ती म्हणते, हो रे, दिसतो की. मला वाटायचं, उजेड वाढवला तर अजून दिसेल…"

"मगे?"

"काल पण विचारलं. म्हणाली, दिसतो, किती छान केशरी आहे."

डॉक्टरांनी टाकीतल्या निळ्या माशाकडे पाहिलं.

"काल मासा दिवसभर पंपामागे होता, दाजी. कोणालाच दिसत नव्हता."

…



मग दाजींनी उठून दार उघडलं. मोठे दोन दिवे खोक्यांत भरले. लहान दिवा डॉक्टरांच्या हातात दिला, आणि इतका वेळ 'तुमी' म्हणणारा तो म्हातारा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"आज तिका इचारू नको. बाजूक बस… आणि तुका काय दिसता, ता तिका सांग."