मोर सुकेपर्यंत

एका राज्यात हंसध्वज नावाचा राजा होता, आणि त्याला बसता येत नव्हते. सिंहासन होते, गाद्या होत्या, लोड होते. पण राजा टेकला रे टेकला की पाय आपोआप उठत आणि चालू लागत. जेवण चालता चालता, न्यायनिवाडा चालता चालता, डुलकीसुद्धा चालता चालताच. असे चाळीस दिवस लोटले. तळव्यांची सालटी निघाली, डोळे खोल गेले. राजवैद्य मागून धावत नाडी पाही. शेवटी तो धापा टाकत म्हणाला, "अजून तीन दिवस. मग हृदय थांबेल. पाय तेवढे चालत राहतील."

राजाची एकुलती एक मुलगी नीलांबरी. तिला आई नव्हती. जे काही होते ते हे चालणारे बाबाच. वैद्याचे बोलणे ऐकून ती बागेत जाऊन रडू लागली. तिथे पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, शापाचा उतारा मला ठाऊक आहे."

"मग चाळीस दिवस गप्प का बसलीस?"

"महाराजांची आज्ञा. आपली चूक लेकीच्या गळ्यात घालायची नाही, असे ते म्हणाले. आता मात्र मला राहवत नाही."

आणि साळुंकीने सगळे सांगितले. चूक राजाचीच होती, ती लपवायची कशाला? धूम्रा नावाची मायाविनी बागेत आली होती. तिच्या ताटात साखरेची बिस्किटे होती, त्यांवर रंगीत साखरेच्या लेपाने मोर काढलेले. "लेप ओला आहे, राजा. सूर्यास्तापर्यंत थांब," ती म्हणाली. राजा कसला थांबतो! सुकले का पाहायला त्याने अंगठा दाबला, आणि पिसाऱ्याचा चिखल झाला. धूम्रेने शाप दिला, "तुला धीर नाही, तर चालत राहा. तुझ्या घरच्या भट्टीवर तुझ्या रक्ताच्या माणसाने असाच मोर करावा. लेप अखंड सुकला, मोर उठून चालला, तरच तू बसशील." इतके बोलून ती ताटासकट धूर झाली.

नीलांबरीने डोळे पुसले आणि तडक स्वयंपाकघर गाठले. पण तीही त्याच बापाची लेक. कळीचे फूल व्हायची वाट न पाहता पाकळ्या उलगडून बघणारी.

पहिल्या दिवशी तिने लोणी आणि साखर फेसली, मैदा मिसळला, वेलदोडा घातला. साळुंकी म्हणाली, "गोळा विहिरीच्या गार कपारीत ठेव. दोन घटका विसावू दे."

"दोन घटका! इथे बाबांचा जीव चालला आहे!"

तिने लागलीच पोळी लाटली, सुरीने मोर कापला, भट्टीत सारला. उबेने लोणी सुटले, मोर पसरला, आणि बाहेर आले ते बदक. ते एकदा ओरडले आणि थंड झाले. एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी तिने गोळा विसावू दिला. बिस्किट मोराच्या आकाराचे, कडा रेखीव. मग अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटली. थोडी घट्ट ठेवली, थोडी पाण्याच्या थेंबांनी सैल केली. कागदाच्या कोनातून घट्ट लेपाची बारीक रेघ कडेने ओढली, ती जरा सुकल्यावर आत सैल निळा लेप सोडला. निळे रेघेबाहेर गेले नाही. आता फक्त थांबायचे होते.

थांबणे! त्याहून अवघड काम त्या वाड्यात कोणाला सांगितलेच नव्हते. नीलांबरी दहादा उठली, दहादा वाकून पाहू लागली. दुपारी तिने करंगळी टेकवली. फक्त करंगळी, फक्त पायापाशी.

सूर्यास्ताला मोराने मान उचलली. एक पाय खाली टाकला. दुसऱ्या पायावर करंगळीचा खळगा होता. मोर कलंडला, त्याने एकदा पापणी मिटली आणि तो पुन्हा साखर झाला.

"माझ्याच बोटाने मी त्यांना मारते आहे," नीलांबरी म्हणाली आणि ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच तिने गोळा मळून विसावायला ठेवला आणि उजाडताच मोर पुरा केला. दाराला कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली आणि धावत जाऊन बाबांना गाठले.

"बाबा, माझे दोन्ही हात धरा. सोडू नका."

"साळुंकी बोलली तर!"

"बोलली. चला, मी तुमच्याबरोबर चालते."

दोघे चालू लागले. बाग झाली, तट झाला, उसाचे मळे झाले. नीलांबरीची बोटे वळवळत. राजा ती घट्ट दाबून धरी. इतका वेळ बापलेक एकत्र कधी राहिलेच नव्हते.

"सुकला असेल का ग?"

"नाही, बाबा."

"नुसते डोकावून..."

"नाही, बाबा."

दुपारी शापाने डाव साधला. पाय त्यांना थेट स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन आले आणि तिथल्या तिथे पावले आपटू लागले. राजाचे ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी उडत होती. नीलांबरीचा धीर सुटला. "एकदाच बघू, बाबा. फक्त बघू."

राजाने दाराकडे पाहिले. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो म्हणाला, "नको. थांबू या." आणि लेकीला ओढत त्याने पाठ फिरवली.

सूर्य बुडाला तेव्हा तिने कुलूप काढले. मोराने पिसारा झाडला, बिस्किटावरून खाली उतरला, ओट्यावरून टकटक चालत खिडकीत गेला आणि उडाला. ताटात कोरे बिस्किट उरले. राजाचे गुडघे वाकले आणि तो भट्टीशेजारी, राखेत, मटकन बसला.

पाय उठले नाहीत.

बापलेकीने बिस्किट अर्धे अर्धे खाल्ले. दिवसभर चाललेली नीलांबरी घास संपण्याआधीच बाबांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली.

प्रधान धावत आला. "महाराज, आनंद! दरबार भरला आहे, सिंहासन सजले आहे. चलावे."

"थांबायला सांगा," राजा हळूच म्हणाला. "पोर झोपली आहे."

"किती वेळ, महाराज?"

"उठेपर्यंत."

राजाच्या पायांना मुंग्या आल्या, पण तो हलला नाही.