खार आणि सशिणीचा प्रश्न

डोंगराच्या उतारावर एक जंगल होते आणि त्या जंगलात एक खार होती. तिला पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या. आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक होते. मुलांनो, गोष्ट लहान आहे. शेवटपर्यंत ऐका आणि मध्ये बोलू नका.

जंगलाच्या कडेला एक विश्रामगृह होते. तिथला राखणदार दर रविवारी सकाळी व्हरांड्यात रेडिओ लावी. रेडिओवर प्रश्नमंजूषा लागे. एक म्हातारा वानर पत्र्यावर बसून ती ऐके आणि प्रश्न ध्यानात ठेवी. दुपारी सगळे प्राणी बेहड्याच्या झाडाखाली जमत. मग वानर तेच प्रश्न त्यांना विचारी.

नियम सोपा होता. ज्याला उत्तर येते त्याने शेपूट जमिनीवर आपटायची. जो आधी आपटेल त्याने बोलायचे. उत्तर चुकले तर शिक्षा नाही. नुसते हसे होई.

रेडिओवरचे प्रश्न फिरून फिरून तेच येत. खारीने ते सगळे पाठ केले होते. पहिले दोन शब्द कानावर पडले की तिला पुढचे कळे. त्यामुळे ती पुरता प्रश्न कधी ऐकतच नसे.

त्या रविवारीही तसेच झाले.

वानर म्हणाला, "सूर्यापासून निघालेला प्रकाश..."

थप.

"आठ मिनिटं आणि वर थोडी," खार म्हणाली.

"तीन हृदयं असलेला..."

थप. "ऑक्टोपस."

"बोलपट येण्याआधी..."

थप. "मूकपट."

"जिराफाच्या मानेत..."

थप. "सात मणके. उंदराच्या मानेतही सातच."

उंदराने मान उंच करून इकडेतिकडे पाहिले. सगळे हसले.

वानर पुढे म्हणाला, "कबड्डीच्या संघाचे..."

थप. "सात."

"बस खाली," वानर म्हणाला. "प्रश्न असा आहे. कबड्डीच्या संघाचे सात जण मैदानात उतरतात, तर खो-खोच्या संघाचे किती?"

पुन्हा हसू उठले. खारही हसली. बेहड्याच्या बुंध्याशी एक घोरपड पसरली होती. ती नेहमी प्रश्न पुरता होऊ देई, मग थोडा विचार करी आणि मग जड शेपूट उचलून खाली टाकी. ती म्हणाली, "नऊ." तिला एक गुण मिळाला. खारीचे तोपर्यंत चार झाले होते. एका गुणाने काय बिघडते, असे खारीच्या मनात आले. अशाच रीतीने ती तीन वर्षे जिंकत होती.

स्पर्धा संपली की आणखी एक रिवाज होता. जिंकणाऱ्याने बेहड्याच्या उंच मुळावर बसायचे आणि ज्याला जे विचारायचे असेल त्याने ते विचारायचे. खारीला हा भाग फार आवडे. त्या मुळावर बसून "मला माहीत नाही" असे तिने एकदाही म्हटले नव्हते.

रानडुकराने विचारले, "माझा सुळा आणि हत्तीचा सुळा, एकाच जातीचे का?"

"नाही. हत्तीचे ते पुढचे दात वाढलेले असतात. तुझा खरा सुळा."

रानडुक्कर खूश होऊन बाजूला झाले.

त्याच्यामागे सशीण उभी होती. ती उताराच्या मध्यावर गवतात राहत असे. ती अशा जागी फारशी बोलत नसे. तिने दोनदा घसा साफ केला.

"खारूताई, मोहाचा बहर सुरू झालाय. माणसं फुलं वेचायला येतील आणि पाला जाळतील. मला तीन पिल्लं आहेत. वणवा लागला तर वर पळावं की खाली? कारण आग जर..."

थप.

"खाली," खार म्हणाली. "आग चढावर वेगानं धावते, उतारावर हळू. म्हणून खाली."

"वा!" रानडुक्कर म्हणाले. दोनचार जणांनी माना डोलावल्या. उत्तर खरेच होते.

सशीण तिथेच उभी राहिली. "ते कळलं. पण माझं म्हणणं असं की..."

"उत्तर मिळालं ना? मग रांग कशाला अडवतेस? मागं मोर उभा आहे."

सशीण बाजूला झाली. मोराने पुढे येऊन विचारले, "मी राष्ट्रीय पक्षी कोणत्या साली झालो?" तो दर रविवारी हेच विचारी.

"एकोणीसशे त्रेसष्ट," खार म्हणाली. मोर समाधानाने निघून गेला.

सगळे पांगल्यावर घोरपड खारीला म्हणाली, "पोरी, सशिणीचं बोलणं संपलं नव्हतं."

"माझं उत्तर संपलं होतं, काकू."

"तिला आणखी काही सांगायचं होतं."

"काकू, तुम्हाला एक गुण मिळाला आज. तो घेऊन घरी जा."

 घोरपड आपल्या कातळाकडे गेली. उताराच्या एका अंगाला मोठा उघडा कातळ होता. त्यावर गवताची काडीही उगवत नसे. घोरपड तिथे उन्हात पडून राही.

सशिणीने दुसऱ्या कोणाला विचारले नाही. जिला सगळे येते तिने सांगितल्यावर पुन्हा दुसऱ्याकडे जाणे तिला बरे वाटले नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा होता. त्या दिवसांत तो कोरडा होता. ओढ्याच्या काठाने मोहाची झाडे होती. माणसे पहाटे येत, फुले वेचत. पडलेली फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून टाकत. गुरुवारी कोणीतरी जाळलेला पाला पुरता विझवला नाही. दहाच्या सुमारास वारा सुटला.

खार तेव्हा वरच्या अंगाला एका सागावर बसली होती. तिला धूर दिसला. मग पायथ्याशी लाल रेघ दिसली. रेघ ओढ्याकाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब झाली आणि उतार चढू लागली. चढावर आग वेगाने धावते. खार ते आजवर नुसते सांगत आली होती. आता तिने पाहिले.

तेवढ्यात तिला सशीण दिसली.

सशीण गवतातून बाहेर पडून उतारावरून खाली चालली होती. तिच्यामागे दोन पिल्ले होती आणि बरेच मागे तिसरे. ती सगळी सरळ आगीच्या दिशेने निघाली होती. गवत उंच होते. तिला जाळ दिसत नव्हता, नुसता वास येत होता. आणि वणवा लागला की खाली जायचे, एवढे तिला सांगितलेले होते.

खारीला रविवारची दुपार आठवली. "कारण आग जर..." एवढ्यावर तिने शेपूट आपटली होती. आग जर खालून आली तर, असेच सशिणीला विचारायचे असणार. दुसरे काय असणार?

खार एका सागावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उड्या घेत खाली आली. ती ओरडली, "थांब! खाली जाऊ नकोस!"

सशीण थांबली. "तूच सांगितलंस खाली."

"आग खालून येतेय."

"मग वर जाऊ?"

खारीने तोंड उघडले. वर म्हणावे, तर आग वरच धावत होती आणि पिल्लांपेक्षा वेगाने धावत होती. खाली म्हणावे, तर खाली जाळ होता. तिच्याजवळ तिसरे उत्तर नव्हते. सशीण तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यात वेळ गेला.

बाजूने घोरपडीचा आवाज आला. "आडवी ये! वर नको, खाली नको. कातळावर ये. इथं जळायला काही नाही!"

सशीण वळली. दोन पिल्ले तिच्या बरोबरीने धावली. तिसरे मागे पडले. त्याचा मागचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. खारीला हे त्या वेळी पहिल्यांदा दिसले. सशिणीने दोघांना कातळावर चढवले आणि ती तिसऱ्यासाठी परत फिरली. मधल्या गवताने तोवर पेट घेतला होता. ती दोनदा आत शिरली आणि दोनदा बाहेर आली. शेवटी ती कातळावर आली तेव्हा तिच्या तोंडात काही नव्हते.

आग वर निघून गेली. दुपारी आपोआप विझली.

रविवारी बेहड्याखाली कोणी जमले नाही. खार सकाळीच कातळाकडे गेली. सशीण दोन पिल्लांना घेऊन कातळाच्या सावलीत बसली होती. तिच्या कानांची टोके भाजली होती. घोरपड थोड्या अंतरावर पडली होती.

खार तिच्याजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "मी सांगितलं ते खोटं नव्हतं. आग चढावर वेगानंच जाते."

"नसेल खोटं," सशीण म्हणाली.

"तुला एवढंच विचारायचं होतं ना, की आग खालून आली तर काय करायचं? ते मी ऐकून घ्यायला हवं होतं."

"तेवढंच नव्हतं."

खारीची शेपूट उचलली गेली. तिने ती पायाखाली दाबून धरली.

सशीण हळूहळू बोलली. "मला विचारायचं होतं, आग जर खालून आली आणि माझ्या धाकट्याला पळता येत नसेल, तर मी काय करू? त्याला तोंडात धरून सगळ्यांनीच हळू जावं, की दोघांना आधी पोचवून त्याच्यासाठी परत यावं? त्याचा पाय अधू होता. रविवारी सगळ्यांसमोर ते बोलायला मला जड जात होतं, म्हणून मी जरा अडखळत होते."

खारीने सगळे ऐकले. सशीण थांबल्यावरही ती थोडा वेळ थांबली, आणखी काही असेल म्हणून. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

सशीण पिल्लांकडे वळली.

खार घोरपडीजवळ गेली आणि तिने तो प्रश्न जसा ऐकला तसा तिला सांगितला. घोरपडीने डोळे मिटून ऐकला.

"तीन पिल्लं, त्यातलं एक अधू, आणि खाली मोहाची झाडं," ती म्हणाली. "मग आग लागेपर्यंत थांबायचं कशाला? मी म्हटलं असतं, आजच चारी जणं माझ्या कातळाशेजारी राहायला या. रविवार ते गुरुवार, चार दिवस होते हाताशी. अधू पायानंही पोहोचला असता."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत, काकू?"

"मी तरी किती ऐकलं होतं? तू ऐकलास तेवढाच प्रश्न माझ्याही कानावर आला. पाय अधू आहे हे कोणाला माहीत होतं? आणि मग मी घरी गेले. तू जा म्हणालीस ना."

खारीने मान खाली घातली.  पलीकडे सशीण पिल्लांना कातळाच्या आडोशाला न जळता राहिलेले गवत दाखवत होती. मोठ्या पिल्लाने ते आधी हुंगले आणि मग खाल्ले.

तात्पर्य : विचारणारा बोलायचा थांबेपर्यंत आपण थांबावे. अर्ध्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तरसुद्धा दुसऱ्याचा घात करते.