मधली खुर्ची

एकदा एका समुद्रकाठच्या गावात एका वृद्ध गिटारशिक्षकाने सात शिष्यांना घेऊन एक वाद्यवृंद उभा केला. शिक्षकांचे नाव पास्कल सर. तरुणपणी प्रवासी जहाजांवर गिटार वाजवीत ते निम्मे जग फिरले होते आणि जिथे जहाज नांगर टाकी तिथली एखादी सुरावट शिकून बरोबर आणीत. उतारवयात त्या सुरावटी त्यांनी आठ गिटारींसाठी बसवल्या. स्पेनचे एक नृत्य, आर्मेनियाचे अंगाईगीत, जपानचे लोकगीत, व्हेनेझुएलाचा वॉल्ट्झ आणि शेवटी आपल्याकडची जात्यावरची ओवी. वर्षातून एकदा गावच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होई.

या गिटारींना विजेची जोड नसे. नायलॉनच्या तारा, उजव्या हाताची जपून वाढवलेली नखे आणि आठ माणसांनी एकमेकांकडे ठेवलेले लक्ष, एवढ्यावर सारे चाले. समोर उभे राहून हात हलवणारा कुणी संचालकही नव्हता. यशोधन नावाचा तिशीतला शिष्य मधल्या खुर्चीत बसे. तो मान हलवी आणि सारे सुरू होत. सर स्वतः उजवीकडे बसून खर्जाची साथ करीत.

अर्धवर्तुळाच्या डाव्या टोकाला, पडद्याच्या आडोशाला, कुंदा बसे.

कुंदा पन्नाशीची होती. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची पंचवीस वर्षे गेली होती. तान्ह्या मुलाची न दिसणारी शीर तिच्या बोटांना अचूक कळे आणि सुई लावताना तिचा हात कधी हलला नव्हता. पण गिटार घेऊन लोकांपुढे बसले की हाच हात परका होई. तळव्यांना घाम सुटे, तोंड कोरडे पडे, आणि काही वाईट घडणार आहे, ते आपल्याच हातून घडणार आहे, अशी तिची खात्री होऊन जाई.

मागच्या वर्षी ते घडलेही होते. वॉल्ट्झच्या सुरुवातीलाच कुंदा सर्वांच्या आधी, एकटीच वाजवून बसली. दोघे तिच्यामागे धावले, बाकीचे थबकले, आणि सारी रचना पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली आली. यशोधनने हात वर करून सर्वांना थांबवले व पुन्हा सुरुवात केली. सभागृहात कुणीतरी हसले. ते हसू मोठे नव्हते, पण कुंदाला ते वर्षभर ऐकू येत राहिले. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, अगदी प्रार्थनेला डोळे मिटले तरी.

यंदा कार्यक्रमाच्या सकाळी तिने यशोधनला निरोप लिहिला, 'ताप आहे, येऊ शकत नाही.' पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून ती कितीतरी वेळ बसून होती. मग तिला अंगाईगीत आठवले. त्यातला मधला आवाज तिच्या एकटीकडे होता. ती नसली तर तिथे पोकळी पडणार होती. तिने निरोप खोडला. धीर आला म्हणून नव्हे; आपल्यामुळे पडलेली पोकळी सात जणांना झाकावी लागेल या कल्पनेची तिला अधिक भीती वाटली, इतकेच.

संध्याकाळी सहा वाजता सभागृह भरू लागले. रंगमंचामागच्या खोलीत सारे तारा जुळवीत बसले होते. पास्कल सर भिंतीला हात लावीत आत आले आणि दारातच थांबले.

"यशोधन, एक बदल करायचाय. कुंदाची खुर्ची मध्ये ठेवा. तू तिच्या जागी बस. आज सगळ्या रचनांची सुरुवात ती देईल."

खोलीतल्या साऱ्या तारा एकदम गप्प झाल्या.

यशोधनला प्रथम वाटले, सर थट्टा करताहेत. "सर, अर्धा तास राहिलाय. असं कसं आयत्या वेळी? आणि कुंदाताई..." त्याने तिच्याकडे पाहिले व आवाज खाली आणला. "ताई, राग मानू नका. पण सर, मागच्या वर्षीचं तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग कारण तरी सांगा."

"नंतर सांगेन," सर म्हणाले. "खुर्ची हलवा."

कुंदा उठली. ती सरांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मला फार भीती वाटते."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच."

यापुढे ते एक अक्षर बोलले नाहीत. कुंदाच्या मनात एकच अर्थ उमटला: ही शिक्षा आहे. मागच्या वर्षीची चूक आज सर्वांसमोर वसूल होणार आहे. पण इतक्या वर्षांत सरांनी कुणाला रागाने शब्दही बोललेला तिने ऐकला नव्हता, त्यामुळे त्या अर्थावरही तिला नीट टेकता येईना. माणसाला कारण कळले की भीतीला निदान किनारा मिळतो. कुंदाला तोही नव्हता.

पडदा उघडला.

मधल्या खुर्चीतून सभागृह किती खोल दिसते हे तिला प्रथमच कळले. टोकाला बसले की पडद्याची घडी दिसे. इथे नुसती तोंडे होती. तिने तळवे पुसले. डोळ्यांच्या सात जोड्या तिच्याकडे लागलेल्या तिला जाणवल्या. मान हलवण्यापूर्वी तिने श्वास आत घेतला. तो इतका मोठ्याने आला की पहिल्या रांगेला ऐकू गेला असेल या विचाराने तिचे कान तापले. आणि स्पेनचे नृत्य सुरू झाले. आठही गिटारी एका ठोक्यावर.

दुसरी रचनाही तशीच पार पडली. अंगाईगीतात तिच्या करंगळीला पेटका आला, पण सूर सुटला नाही. टाळ्या झाल्या. कुंदाच्या भीतीत मात्र गुंजभरही फरक पडला नाही. उलट प्रत्येक रचना नीट संपली की तिला वाटे, म्हणजे ते अजून घडायचे आहे.

मग जपानचे लोकगीत आले. या रचनेत मध्यावर एक दीर्घ शांतता आहे. सारे एकदम थांबतात, सूर पूर्ण विरेपर्यंत वाट पाहतात, आणि मग पुन्हा आठही जण एकाच क्षणी प्रवेश करतात. तालमींत सर्वांत जास्त घोटून घेतलेली जागा हीच.

ते थांबले. सूर विरत गेला. आणि त्याच शांततेत वीज गेली.

सभागृह गच्च काळोखात बुडाले. पंखे घरघरत थांबले. कुणाचे तरी मूल रडू लागले, खुर्च्या करकरल्या, मागून एक आवाज आला, "अहो, जनरेटर नाही का?" रंगमंचावर कुणालाही कुणी दिसत नव्हते. कुंदाला स्वतःचा हातही दिसेना.

हेच ते, तिला वाटले. हीच ती वेळ. आता कुणी आधी वाजवील, कुणी मागाहून, आणि अंधारात कुणीतरी हसेल. मान हलवून उपयोग नव्हता. तोंडाने मोजावे तर जीभ टाळूला चिकटलेली. शांतता लांबत चालली. तिची छाती आवळत गेली, आवळत गेली, आणि अखेर न राहवून तिने हुंदक्यासारखा एक खोल श्वास आत ओढला.

त्या श्वासाच्या टोकावर आठही गिटारी एकदम वाजल्या.

कुंदाची स्वतःची बोटेही त्यात होती, हे तिला दोन मात्रांनंतर उमगले. रडणारे मूल गप्प झाले. रचना संपली तेव्हा कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला. उजवीकडून सरांचा शांत आवाज आला, "कृपा करून बंद करा. आम्ही वाजवतो आहोत."

यशोधनचा आवाज डावीकडून, अगदी दबका: "ताई, पुढचं घ्या. आम्ही ऐकतोय."

वॉल्ट्झ अंधारात झाला. कुंदा प्रत्येक वेळी आता मोडते की मग मोडते या धाकात होती; तिचा श्वास प्रत्येक वेळी आवाज करी, आणि प्रत्येक वेळी सात जण त्यावर पाऊल ठेवून तिच्याबरोबर येत. ओवीच्या शेवटच्या ओळीला वीज आली. दिवे लागले तेव्हा लोकांना रंगमंचावर एक बाई दिसली, घामाने निथळलेली, डोळे घट्ट मिटून बसलेली.

लोक पांगल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर पास्कल सर एकटे बसले होते. कुंदा गिटारीची पेटी घेऊन त्यांच्याजवळ आली व एक पायरी खाली बसली.

"सर, आता तरी सांगा. वीज जाणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

सर हसले. "मला कोण सांगणार?"

"मग माझी खुर्ची का हलवली?"

ते म्हणाले, "कुंदा, माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेली दोन वर्षं मला यशोधनची मान दिसत नाही. तुम्ही सगळे मला धुक्यातल्या माणसांसारखे दिसता. मी कुणाला बोललो नाही. दर रविवारी तालमीला यायचो आणि खुर्चीत बसून घाबरायचो, की आज मी चुकणार, आज यांना कळणार. मग एक दिवस मला कळलं की मी चुकत नाहीये. का चुकत नाहीये, याचा मी शोध घेतला. डाव्या टोकाकडून एक श्वास यायचा. मोठा, घाबरलेला, प्रत्येक रचनेच्या आधी. तेव्हापासून मी त्या श्वासावरच सुरुवात करतोय."

कुंदाने गिटारीची पेटी खाली ठेवली.

"यशोधन उत्तम वाजवतो," सर पुढे म्हणाले. "पण त्याला भीती नाही, म्हणून तो कुणाची वाट पाहत नाही. तो निघतो, आणि इतरांनी त्याला गाठायचं. तू घाबरतेस, म्हणून निघण्यापूर्वी सातही जणांना मनात एकदा मोजून घेतेस. ते तुझ्या श्वासात ऐकू येतं. मागच्या वर्षी तू का चुकलीस, ठाऊक आहे? आवाज होईल, लोक ऐकतील, म्हणून तू श्वास कोंडून धरलास. कोंडलेला श्वास माणसाला ढकलतो. तू ढकलली गेलीस. मी त्या दिवशी तुझ्या श्वासाची वाट पाहत होतो, तो आलाच नाही, आणि मीही चुकलो. माझी चूक तुझ्या चुकीखाली झाकली गेली, कुणाला दिसली नाही. वर्षभर मला त्याची लाज वाटते आहे. दोष तुझ्या एकटीवर गेला आणि मी गप्प बसलो."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. वर्षभर छातीवर बाळगलेल्या त्या क्षणात आणखी एक माणूस होता, हे कुंदाच्या ध्यानात येत होते.

"आज खोलीत सांगायला हवं होतं," सर म्हणाले. "पण कारण सांगायचं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. तेवढा धीर नव्हता मला."

"आग्नेसबाईंना ठाऊक आहे?" तिने विचारले. आग्नेसबाई म्हणजे सरांची पत्नी.

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ऑपरेशन करून पाहू म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं कदाचित टिकेल. पण तारीख ठरवायची तर घरी सांगावं लागेल. सांगितलं की ते खरं होईल, असं वाटतं बघ." अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सर हे वाक्य अगदी लहान आवाजात बोलले.

रोज कुणा ना कुणाचा रक्ताचा अहवाल हातात देणाऱ्या कुंदाला ही भीती नवी नव्हती. पाकीट न उघडता तासभर बाकावर बसून राहिलेली माणसे तिने पाहिली होती. त्यांना ती कधीच उपदेश करीत नसे. ती त्यांच्या शेजारी बसे.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "तुम्हीच बोला. मी नुसती बसेन."

दोघे चालत निघाले. सर तिच्या खांद्यावर हात ठेवून चालले होते आणि खड्डा आला की ती आधी सांगत होती. घर आले. दारापुढे सर थांबले. बेलकडे गेलेला त्यांचा हात अर्ध्यावर राहिला. कुंदाने घाई केली नाही. "धीर धरा" असेही म्हटले नाही. तिला स्वतःला आत काय होईल याची धास्ती वाटत होती, आणि ती तशीच त्यांच्याशेजारी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सरांनी बेल दाबली. आतून पावले वाजली, कडी निघाली, आणि आग्नेसबाई दारात उभ्या राहिल्या.

"झाला कार्यक्रम?" त्यांनी विचारले. मग दोघांचे चेहरे पाहून त्यांनी दार पुरते उघडले. "काय झालं?"

"आत बसू या," पास्कल सर म्हणाले. "तुला एक गोष्ट सांगायची आहे."