माळ्याच्या मडक्यातले वर्ष

तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एक राजा होता. त्याच्या राज्यात लिहिता-वाचता कोणालाच येत नसे. खुद्द राजालाही येत नसे, त्यामुळे कोणाला त्याचे फारसे वाईट वाटत नसे.

मग कोणी वर्षभर काय काम केले, हे राजाला कळायचे कसे? त्यासाठी तिथे एक रीत होती. राजाच्या पदरी असलेल्या प्रत्येकाने घरात एक मडके ठेवायचे. दर महिन्याला आपल्या कामातली एखादी वस्तू त्यात टाकायची आणि तोंडाला फडके बांधायचे. पाडव्याच्या आदल्या दिवशी ते मडके दरबारात न्यायचे आणि एकेक वस्तू काढून सरल्या वर्षाची हकिगत सांगायची.

या राजाच्या बागेत एक माळी होता. माणूस मोठा कष्टाळू, पण टापटिपीचे त्याला वेड होते. झाडाचे पान गळाले की ते जमिनीवर टेकायच्या आत हा झाडू घेऊन हजर. वेल जरा वाकडा गेला की याच्या कपाळावर आठी. फुलांनीसुद्धा आपल्याला विचारून उमलावे, असे त्याला मनातून वाटे.

अशी बाग खरे तर बहरायला हवी होती. पण झाले भलतेच. बाग आरशासारखी लख्ख, आणि फळाचा पत्ता नाही. काकडीच्या वेलाला फुले येत आणि तशीच गळून जात. डाळिंबावर पाखरू बसत नसे. राजा रोज संध्याकाळी येऊन दगडी बाकावर बसे, चारी बाजूंना बघे आणि जांभई देऊन निघून जाई.

शेवटी फाल्गुन लागला तेव्हा राजाने माळ्याला बोलावले.

"अरे, ही बाग आहे की सारवलेलं अंगण? इथे फळ का धरत नाही ते यंदा मला दरबारात सांग. तुलाच ते कळलं नसेल, तर पाडव्यापासून मी दुसरा माळी बघेन."

माळी मान खाली घालून घरी निघाला. बागेच्या कोपऱ्यातल्या झोपडीत त्याचा आजा जन्मला होता, बाप जन्मला होता. बाग गेली की झोपडीही जाणार. पण घरी येऊन त्याने आपल्या मडक्याकडे पाहिले आणि त्याच्या जिवात जीव आला.

"काळजी करू नकोस," तो माळिणीला म्हणाला. "बागेच्या एकेका शत्रूला मी कसं उपटून काढलं, त्याचा पुरावा आहे या मडक्यात. राजा तोंडात बोट घालील."

त्याच दिवशी त्याने फाल्गुनाची वस्तूही मिळवली. लिंबाच्या झाडावर त्याला बारीक तपकिरी गाठी दिसल्या. झाडाला रोग आला असे समजून त्याने त्या डहाळ्यांसकट खुडल्या, मडक्यात टाकल्या आणि वर पुन्हा फडके सैलसर बांधले.

मडके होते पाण्याच्या माठाच्या तिवईखाली, गारव्याला. दोन-चार दिवसांनी माळीण म्हणाली, "अहो, माठाचं पाणी तुमच्या मडक्यात झिरपतंय."

"झिरपू दे. आत काय भाकऱ्या आहेत भिजायला?"

आणखी काही दिवस गेले. "अहो, मडक्यात काहीतरी खुडबुडतंय."

"माझी वर्षभराची मेहनत आहे ती. खुडबुडणारच!"

माळिणीने कपाळाला हात लावला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दरबार भरला. आचाऱ्याचे मडके रिकामे निघाले. टाकलेले सगळे त्याने अधूनमधून खाऊन टाकले होते. दरवाजावरच्या पहारेकऱ्याचेही रिकामेच. "वर्षभर कोणी आलंच नाही महाराज," असे त्याने छातीठोकपणे सांगितले. तो वर्षभर झोपला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

मग माळी उठला. त्याने मडके राजापुढे ठेवले, घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "महाराज, बागेच्या शत्रूंशी मी बारा महिने कसा लढलो, ते आता ऐका!"

त्याने फडके सोडले. टुण्णकन एक बेडूक बाहेर उडाला आणि थेट प्रधानजींच्या पगडीवर जाऊन बसला.

दरबार खदखदून हसला. हसू थांबते न थांबते तोच मडक्यातून एक काळे-पिवळे फुलपाखरू डळमळत वर आले. मागून दुसरे, मग तिसरे. दरबारात एक फेरी मारून ती राजाच्या गळ्यातल्या हारावर उतरली. आत पाहावे तर काय! मडके हिरव्यागार कोंबांनी काठोकाठ भरलेले.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

"रोग आहे, महाराज," माळी चाचरत म्हणाला. "लिंबावरच्या गाठी होत्या. मीच खुडल्या."

"रोग?" राजा म्हणाला. "अरे, ते फुलपाखरांचे कोश होते! एका फुलपाखराची वाट बघून बघून त्या बाकावर माझी पाठ धरली! बरं, पुढे सांग. चैत्रापासून सांग."

माळ्याने चिखलात हात घालून एकेक वस्तू काढली आणि महिन्यांप्रमाणे ओळीने मांडली. आता त्याचा आवाज उतरला होता.

"चैत्र. डाळिंबावर शिंजीर पाखराचं घरटं लोंबत होतं. केर अडकल्यासारखं दिसे, म्हणून काढलं."

"मग?"

"मग... किडे खाणारं पाखरूच राहिलं नाही. अळ्या फार झाल्या." माळ्याने पुढची वस्तू उचलली. "वैशाख. मधमाश्या घोंघावत होत्या. धूर करून हाकलल्या. हा त्यांच्या पोळ्याचा तुकडा."

"मग?"

"मग श्रावणात काकडीला फुलं आली. पण फुलांवर..." माळ्याने हातातला मेणाचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "फुलांवर बसायला कोणी उरलंच नव्हतं, महाराज."

"आणि हा कोण?" प्रधानजींनी पगडीकडे बोट दाखवून रागाने विचारले.

"तो आषाढातला. वाफा उकरतो म्हणून त्याला मी कुंपणाबाहेर टाकला आणि खूण म्हणून त्याच्या बिळातला खडा मडक्यात टाकला. मग गोगलगायींनी कोवळी रोपं फस्त केली. बागेतली ओलसर जागा मी एकही शिल्लक ठेवली नव्हती. राहिली होती ती या मडक्यात, म्हणून तो इथे शिरला असेल."

बेडकाने वरून डराव करून होकार दिला.

बाकीच्या महिन्यांच्या वस्तूही अशाच निघाल्या. मडक्यात राहिले वाटेल तिथे उगवते म्हणून वेचलेले कार्तिकातले तेरड्याचे बी आणि मार्गशीर्षातला पालापाचोळा. त्या पाचोळ्यातच ते बी रुजून वर आले होते. माळ्याने ते कोंब हळूच बोटाने सारखे केले. ज्या बागेसाठी त्याने बारा महिने घाम गाळला, ती वाफ्यात उगवली नव्हती. ती या मडक्यात उगवली होती, तीही त्याचा हात तिथे पोचला नाही म्हणून. त्याचे डोळे भरून आले.

"महाराज, शत्रू कोणीच नव्हता. होतो तो मीच. दुसरा माळी बघा."

माळीण मागे उभी होती. तिला राहवेना. "महाराज, माणूस वाईट नाही. सगळं जीव तोडून करतात. फक्त हातातला झाडू कधी खाली ठेवत नाहीत, मग बघणार कधी?"

राजाने क्षणभर विचार केला. "दुसरा माळी कशाला? फळ का धरत नाही ते मी विचारलं होतं. ते याने सांगितलं. पण शिक्षा आहे. वर्षभर रोज सकाळी एक घटका याने बागेत नुसतं उभं राहायचं. हात पाठीशी बांधून. आणि ते हात माळिणीने बांधायचे."

माळिणीने मडक्याचे फडके तिथल्या तिथे उचलले. तिला फार घाई झाली होती, असे पाहणारे सांगतात.

पहिले काही दिवस माळ्याचे हात शिवशिवत. गळलेले पान दिसले की तो पायानेच ते ढकलू बघे आणि तोल जाऊन वाफ्यात बसे. पण बसल्यावर पान उचलणारी मुंगी दिसे. मग मुंगीचे घर दिसे. हळूहळू एक घटका त्याला पुरेनाशी झाली. फडके सोडायला आलेल्या माळिणीला तो म्हणे, "थांब गं, शिंजीर चोचीत काय आणतोय ते बघू दे."

पुढच्या वर्षी दरबारात माळी आला. मडके त्याने राजापुढे उपडे केले. आतून काही म्हणजे काही पडले नाही.

"हे काय?" राजा म्हणाला. "पहारेकऱ्याच्या नादाला लागलास की काय?"

"नाही महाराज," माळी हसून म्हणाला. "सगळं जिथल्या तिथे आहे. वर्षाची हकिगत ऐकायची असेल, तर बागेत चला."

सगळा दरबार बागेत गेला. पाचोळा जरा पडलेला होता, वेल जरा वाकडे होते. काकडीच्या मांडवाखाली मात्र राजाला वाकून जावे लागले, आणि तरी तीन काकड्या डोक्याला लागल्याच. प्रधानजी तेवढे कुंपणाबाहेर पगडी धरून उभे राहिले.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: जे राखायचे असेल, त्याला हात लावण्याआधी ते डोळे भरून पाहून घ्यावे.