आवाजाचा रकाना

"बांगड्या... कुठल्या बांगड्या, उस्ताद?"

दस्तगीर मुजावर बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी गेम खेळलेय," हिमानी म्हणाली. "म्हणजे, खेळता आला तेवढा. त्यात बांगड्या नाहीतच."

"मग आहेत म्हणतंय कोण?"

तिने फोन पुढे धरला. तिच्या परीक्षणाखाली कुणा वाचकाने एकच ओळ टाकली होती. 'बांगड्यांच्या मागे जायचं, वाट सापडते.' शिवी नाही, टोमणा नाही. चार दिवसांपूर्वी तिला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच. पण तेव्हापासून तिची अन्नावरची वासना उडाली होती.

उस्तादांनी ओळ वाचली, बशी रिकामी केली आणि हात पुसले.

मिरजेच्या त्या बोळात त्यांचं गेमची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. टीव्हीला जोडायचे कन्सोल, हातात धरून खेळायची छोटी यंत्रं, जे येईल ते. हिमानी चौगुले कॉलेजात असताना याच बाकावर बसून यंत्र उघडायला शिकली. आता ती एका संकेतस्थळासाठी गेमची परीक्षणं लिहायची. दोन वर्षांत एकशे बारा. चित्र, आवाज, खेळ, कथा असे चार रकाने, आणि शेवटी दहापैकी गुण. गुण देण्यात ती कडक म्हणून वाचक तिला मानत. या कडकपणाचा तिला अभिमान होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

"गेमचं नाव?"

"पेव."

"हरिपूरची हळदीची पेवं?"

"तीच. हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा. एक लहान मुलगी त्यात उतरते, आईला शोधत. आत गेलं की पडदा काळा. नुसता काळा. चार तास मी भिंतीला धडका घेत होते."

"मग?"

"तीन दिले. दहापैकी."

उस्तादांनी रिकामी बशी बाजूला सरकवली.

"बाकीच्या सहा जणांची सरासरी शंभरात ऐंशी होती. माझे तीन, म्हणजे शंभरात तीस, धरले आणि ती त्र्याहत्तरवर आली. पंचाहत्तर असती तर मोठ्या कन्सोलवाल्यांनी तो गेम घेतला असता. परवा त्यांची यादी लागतेय." तिचा आवाज बारीक झाला. "रत्ना अक्कोळे आणि तिचा भाऊ, दोघांनी मिळून केलाय. तीन वर्षं लागली त्यांना. काल त्यांच्या पानावर दोनच शब्द आले. आम्ही थांबतो. गेम बनवणंच सोडतायत."

"गुण बदल की."

"बदलता येत नाहीत. सरासरी काढणारे पहिलाच आकडा धरतात. मागून रडा, पाया पडा, काही करा..." तिने बॅगेतून आपलं यंत्र काढून फळीवर ठेवलं. "फक्त यंत्रच बिघडलेलं असेल तर परीक्षण काढून टाकतात. दुरुस्ती करणाऱ्याची चिठ्ठी लागते."

"अच्छा."

"याचा स्पीकर गेलाय, उस्ताद. तेवढं लिहून द्या."

बोळातून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. हिमानी दचकली, इतकी की फळीवरची स्क्रूंची डबी तिच्या कोपराने आडवी झाली.

"अजून तशीच आहेस," उस्ताद स्क्रू गोळा करत म्हणाले. "इथे कुणी शिंकलं तरी तू बाकावरून उठायचीस."

ती हसली नाही.

उस्तादांची एक रीत होती. यंत्र हातात आलं की गिऱ्हाइकाची तक्रार कानाआड करायची. आधी ते उजेडात धरून बटणांची झीज पाहायची. कोण कसा खेळतो, कुठे घाबरतो, कुठे अंगठा दाबून धरतो, सगळं त्यांना झिजेवरून कळे. त्यांनी दाराशी जाऊन यंत्र तिरकं धरलं. मग डोळ्यांना भिंग लावलं.

हिमानी नखं खात बसली.

"उजवीकडचं बटण पार गुळगुळीत. दिशेची काठी सैल झालीय. खूप खेळतेस."

"कामच आहे."

"आणि हे..." त्यांनी नख टेकवलं. यंत्राच्या वरच्या कडेला आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी होती. अगदी खालच्या टोकाला. तिच्या खाचेत धूळ बसून घट्ट झाली होती, एकसारखी. "हे तर कोरं आहे, बेटा. दोन वर्षांचं यंत्र, आणि ही पट्टी एकदासुद्धा हललेली नाही."

ती नखं खायची थांबली.

"हिमानी."

"मला दचकायला होतं." ती जमिनीकडे बघत होती. "हॉस्टेलवर एकदा गेममध्ये कुणी ओरडलं आणि मी किंचाळले. सगळा मजला गोळा झाला. महिनाभर पोरी दाराआडून भॉक करायच्या. तेव्हापासून आवाज बंद ठेवूनच खेळते."

"एकशे बाराही?"

"हो."

"आणि आवाजाचा रकाना?"

"सहा लिहायचे. कधी सात. जाहिरात बघून, बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचून... कुणाला कधी कळलं नाही."

उस्तादांनी भिंग उतरवलं. टूथपिकच्या टोकाने ते खाचेतली धूळ उकरू लागले.

"चिठ्ठी देता का, उस्ताद?"

"कुणासाठी?"

"त्या दोघांसाठी. माझं परीक्षण निघालं तर त्यांची सरासरी पुन्हा ऐंशी होईल."

"मग खरं कारण कळव. आवाज न ऐकता लिहिलेलं परीक्षणही त्यांना काढावंच लागेल."

"खरं लिहिलं तर मला उद्यापासून कोण विचारेल? मी कडक म्हणून..."

उस्तादांनी धूळ फुंकली, पट्टी वरच्या टोकाला नेली आणि यंत्र सुरू करून तिच्या हातात दिलं.

पडदा काळाच होता. पण दुकानात पाणी ठिबकू लागलं. हिमानीने खांदे आवळले. कुठेतरी माती सुटली, पोकळीत पडली. तिचा अंगठा पट्टीकडे गेला. उस्तादांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मग डाव्या बाजूला, लांब, काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

ती वळली. किणकिण थांबली. ती थांबली, तशी पुन्हा आली, जरा उजवीकडून, जरा खालून. कुणीतरी पुढे चालत होतं आणि मागचं माणूस येतंय का, म्हणून मधेमधे थांबत होतं. हिमानी त्या आवाजामागे गेली. काळ्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, तरी एकदाही भिंत लागली नाही.

चार तासांत जी शिडी सापडली नव्हती, ती सहाव्या मिनिटाला पायाखाली आली.

तिने यंत्र पालथं करून फळीवर ठेवलं. आतून बांगड्या वाजतच राहिल्या. वाट बघितल्यासारख्या.

"त्या दोघांनी गेम पाठवला तेव्हा सोबत पत्र होतं," ती म्हणाली. "मी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. काल वाचलं, तरी तुमच्यासमोर बांगड्या नाहीतच म्हणाले. आवाज मोठा ठेवा, बांगड्या आमच्या आईच्या आहेत. अडलात तर घरी फोन करा, आम्ही वाट सांगू. खाली नंबर."

"केलास?"

"चार तास अडकले होते तेव्हा नाही केला. आज सकाळपासून एकोणीस वेळा केला. उचलत नाहीत."

"मग विसाव्यांदा कर."

"काय सांगू त्यांना? आकडा बदलत नाही, तीन वर्षं परत येत नाहीत. आणि बाकीचे एकशे अकरा... त्यांना कुणाकुणाला फोन करू?" तिचे डोळे कोरडेच होते, आणि ते जास्त वाईट दिसत होतं. "मला काही ऐकूच आलेलं नाही, उस्ताद. दोन वर्षं. आणि मी गुण देत बसले."

उस्तादांनी स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि बसले. चिठ्ठ्यांचं पुस्तक त्यांनी खणात टाकलं, खण लावून घेतला.

"आधी संपादकाला कळव," ते म्हणाले.

तिने टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. शेवटी एकच ओळ उरली. 'पेव मी आवाज बंद ठेवून खेळले, परीक्षण काढून टाका.' पाठवायच्या खुणेवर तिचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग ओळ गेली. तिला वाटलं होतं, निदान छातीवरचं ओझं तरी उतरेल. तसं काही झालं नाही.

लगेच उत्तर आलं. 'काय? आणि बाकीचे?'

तिने ते उस्तादांना दाखवलं नाही. तिने नंबर लावला. रिंग वाजू लागली. चार. पाच. उस्ताद फोन धरलेल्या तिच्या हाताकडे बघत होते. त्या फोनच्या कडेला आवाजाची दोन बटणं होती. वरचं नवंकोरं, आणि खालचं, आवाज कमी करायचं, झिजून पांढरं पडलेलं.

आठ. नऊ.

"नाही उचलणार," ती म्हणाली. "मी असते तर मीपण..."

रिंग मधेच थांबली. कुणीतरी फोन उचलला होता.

कुणी हॅलो म्हटलं नाही. आधी कानाशी त्याच काचेच्या बांगड्या किणकिणल्या, अगदी जवळून, फोन कानाला लावताना मनगटावरून खाली घसरल्यासारख्या. मग एका वयस्क बाईचा थकलेला आवाज आला.

"कोण?"

हिमानी दचकली. अंगठा आपोआप फोनच्या कडेवरून खालच्या बटणाकडे सरकला.

उस्ताद हळूच पुढे वाकले.

"अंगठा काढ, बेटा."